नव्या चढाईपटूला किती हंगाम द्यायचे?

भातकापणी उरकली, खाचरे सुकली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांत कबड्डीचे मैदान आखायला घेतात. ढेकळे फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची, चुन्याने रेषा मारायच्या. ग्रामदैवताचा उत्सव, शिमगा, महाडच्या विरेश्वराचा छबिना, मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी, निमित्त कोणतेही असो, रात्री दिव्यांच्या झोतात सामने सुरू होतात आणि आपल्या संघाचा नंबर लागेपर्यंत माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात. इथल्या प्रेक्षकाला खेळ आतून कळतो. डाव्या कोपऱ्यातला गडी आधी हात टाकतो की पाय, चढाई करणारा दम घालताना नजर कुठे ठेवतो, हे तो शेजाऱ्याला आधीच सांगत असतो.

हाच प्रेक्षक टीव्हीवर किंवा मोबाइलवर प्रो कबड्डी बघायला बसला की एकदम उतावीळ होतो. पहिलाच हंगाम खेळणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा दुसऱ्यांदा पकडला गेला की चार जण एका सुरात म्हणतात, "बसवा रे त्याला!" हंगामाच्या चौथ्या-पाचव्या सामन्यापर्यंत त्या पोराचा निकालही लावून झालेला असतो. गावात बरा होता, मोठ्या मैदानाचा गडी नाही. हा निकाल बहुतेक वेळा फार लवकर लावलेला असतो असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागची कारणे खेळाच्या नियमांत, शरीरात आणि थोडी साध्या गणितात आहेत.

आधी चढाईपटूच्या वाट्याला काय येते ते पाहू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागाची खोली साडेसहा मीटर. दोन्ही बाजूंची एक-एक मीटरची राखीव क्षेत्रे झटापट सुरू झाल्यावरच खुली होतात, तोवर रुंदी आठ मीटर. एवढ्या जागेत सात जण उभे आणि चढाईला वेळ तीस सेकंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. कोणाला न शिवता परत यायचे असेल तर ती रेषा ओलांडलीच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनसचा गुण समोर सहा किंवा सात गडी असतील तरच. म्हणजे बोनस घ्यायचा तर भरलेल्या मैदानात, दोन्ही कोपऱ्यांच्या मधोमध, जवळजवळ पाच मीटर आत पाय टाकायचा आणि तो पाय सोडवून परत न्यायचा.

चुकल्यावर काय होते तेही महत्त्वाचे आहे. जुन्या काळी आपल्याकडे या खेळाचे तीन प्रकार चालत. अमर प्रकारात शिवला गेलेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत बाद झालेला गडी आख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा एक गडी टिपला की आपला एक बाद गडी आत. आजचा खेळ संजीवनीचा आहे. बाद झालेला चढाईपटू स्वतःच्या हाताने परत येऊ शकत नाही. सोबत्यांनी समोरचा गडी टिपला की बाद झालेल्यांच्या क्रमाने तो आत येतो. तोवर रेषेबाहेर बसून बघायचे. गोलंदाजाला एका चेंडूवर षटकार बसला तर त्याच षटकात त्याला पुढचा चेंडू मिळतो. चढाईपटूची चूक झाली की त्याला पाच-पाच मिनिटेही बसावे लागते, अंग गार होते आणि डोक्यात तीच पकड फिरत राहते. अनुभवी रेडर त्या वेळात समोरच्या बचावाची मांडणी वाचत असतो. नवा पोरगा बहुतेक वेळा प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत असतो.

आता तिसऱ्या चढाईची गोष्ट, जी प्रेक्षकांच्या लक्षात सहसा येत नाही. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर जाणारा बाद. समालोचक तिला 'डू ऑर डाय' म्हणतात. त्या वेळी समोरचा बचाव आक्रमक होत नाही, मागे सरकून शांत उभा राहतो, कारण त्याला काही करायचेच नसते. वेळ संपली की चढाईपटू आपोआप बाद. ही सगळ्यात अवघड चढाई. आणि ती अनेकदा नव्या पोराला दिली जाते. प्रशिक्षकाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. मुख्य चढाईपटू बाद होऊन बसला तर संघाची धार जाते, तिसरा गडी बसला तर नुकसान कमी. म्हणजे संघात ज्याचे पाय अजून रोवलेले नाहीत त्याच्याच वाट्याला सगळ्यात कठीण काम येते, आणि हंगामाच्या शेवटी त्याचे आकडे मुख्य रेडरच्या आकड्यांशेजारी छापले जातात. तिथे ती चढाई कोणत्या प्रकारची होती हे लिहिलेले नसते.

आकड्यांचेच बोलायचे तर एक छोटा हिशेब करून बघण्यासारखा आहे. सामना चाळीस मिनिटांचा, चढाई तीस सेकंदांची, म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून साधारण ऐंशी चढाया, एका संघाच्या चाळीस. त्यातल्या पंधरा-वीस मुख्य चढाईपटू घेतो, पुष्कळशा दुसरा घेतो आणि नव्या गड्याच्या हाती चार-पाच येतात. समजा हा नवा गडी खरोखर चांगला आहे, दहातल्या चार चढायांत गुण आणण्याची त्याची ताकद आहे. तरीही चारच चढाया मिळाल्या तर त्या चारही रिकाम्या जाण्याची शक्यता सुमारे १३ टक्के निघते. म्हणजे दर आठ सामन्यांत एकदा तो शून्यावर परतणार, कसलीही चूक न करता. वीस सामन्यांच्या हंगामात लागोपाठ दोन सामने शून्य येण्याची शक्यता चारात एक. असे चार चांगले पोरगे घेतले तर सरासरीने त्यांतल्या एकाच्या नशिबी हे दोन कोरे सामने येतात, आणि नेमके तेव्हाच त्याला बाकावर बसवायची मागणी होते. पंधरा-वीस चढाया घेणाऱ्या खेळाडूवर हा प्रसंग जवळपास येतच नाही. त्याचे अपयश त्याच सामन्यात झाकले जाते.

पण नवा पोरगा अडखळतो यात नुसते नशीब नाही. त्याला खरोखरच पुष्कळ काही नवे शिकायचे असते.

पहिला अडसर मॅटचा. मातीवर अनवाणी खेळलेल्या पायाला थोडे घसरण्याची सवय असते. वळताना पाऊल बोटभर सरकते आणि त्या सरकण्यावर शरीर तोल धरते. मॅटवर बूट घालून तेच वळण घेतले की पाऊल जागच्या जागी रुतते, ताण घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. वेग वाढतो, पण थांबणे अवघड होते. गावच्या मैदानात कोपऱ्याच्या हातातून निसटणारा पोरगा मॅटवर अर्ध्या पावलाने कमी पडतो तो याच कारणाने. ही सवय मोडायला आणि नवी घडायला महिने लागतात.

दुसरा अडसर ताकदीचा. व्यावसायिक संघांतले कोपरारक्षक आणि मध्यरक्षक वर्षभर व्यायामशाळेत घडलेले असतात, आणि पुरुषांच्या गटाची वजनमर्यादा ८५ किलो आहे. आपल्याकडचा सडपातळ, चपळ गडी त्यांच्यापुढे दहा-पंधरा किलोंनी हलका असतो. घोट्याला धरले तर तो कदाचित सुटेल, पण पट काढून कोणी उचलले आणि बाजूने दुसऱ्याने धडक दिली की संपले. ताकद वाढवता येते, मात्र शरीराची स्वतःची एक गती आहे. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था असलेले स्नायू अधिक नीट वापरायला शिकते म्हणून. स्नायू खरोखर भरायला त्यापुढचे महिने जातात आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सगळ्यात सावकाश बळकट होतात. घाई केली तर दुखापत होते ती बहुधा तिथेच. एका हंगामात सहा-सात किलो कामाचे वजन वाढवायचे आणि चपळाई तशीच ठेवायची, ही वीस वर्षांच्या पोराकडून केलेली फार मोठी मागणी आहे.

तिसरा अडसर डोळ्यांचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. चांगला चढाईपटू हात-पाय बघत नाही, समोरच्याची कंबर आणि खांदे बघतो. कोपरारक्षक पाय धरायला झेपावणार असेल तर त्याआधी त्याचे वजन मागच्या पायावर जाते. साखळी धरलेले दोघे पुढे येणार असतील तर आधी त्यांच्यातले अंतर कमी होते. या खुणा सेकंदाच्या छोट्या हिश्श्यात दिसून जातात. त्या वाचायला शिकवणारे पुस्तक नाही. शेकडो वेळा आत जाऊन, पुष्कळदा पकडले जाऊनच ते डोळे तयार होतात. बरे, प्रत्येक बचावपटूच्या खुणा निराळ्या. गावच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत त्याच त्या पंधरा-वीस संघांशी वर्षानुवर्षे खेळून पोरगा सगळ्यांना ओळखून असतो. लीगमध्ये आल्यावर समोर हरियाणाचे, तमिळनाडूचे, इराणचे बचावपटू उभे राहतात आणि त्याची सगळी ओळख कोरी होते. त्याची स्वतःची ओळख मात्र कोरी राहत नाही. पहिले दोन-तीन सामने तो गुण घेऊन जातो, मग समोरचे प्रशिक्षक त्याच्या चढायांच्या चित्रफिती काढून बसतात. हा नेहमी उजवीकडून आत येतो, परतताना डावा पाय मागे राहतो, एवढे कळले की पुढच्या सामन्यात तो पाय धरायला कोणीतरी तयार असतो. पहिल्या यशानंतर येणारी घसरण ही अशी असते. पोराचे कौशल्य आटलेले नसते, समोरच्यांनी त्याचा धडा पाठ केलेला असतो. आता त्याने दुसरा धडा लिहायचा, आणि त्याला वेळ लागतो.

या सगळ्यात भर पडते दडपणाची. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी खेळातल्या दडपणावर बरेच काम केले आहे. गोल्फ खेळणाऱ्यांवरच्या त्यांच्या प्रयोगांत असे दिसले की मुरलेल्या खेळाडूला फटका मारताना स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले तर त्याचा खेळ बिघडतो. नवशिक्याचे तसे होत नाही, त्याला त्या लक्षाचा उपयोगच होतो. मुरलेली हालचाल आपोआप होत असते आणि लक्ष गेले की ती तुटते. आपला पोरगा गावात मुरलेला असतो. त्याने हजारो वेळा हात मारून परत उडी घेतलेली असते, विचार न करता. लीगच्या प्रखर दिव्यांखाली, दोन वेळा पकडले गेल्यावर, तो पहिल्यांदाच स्वतःच्या पायांकडे लक्ष देतो. अशा वेळी बाकावरून कोणी "पाय बघ, पाय!" म्हणून ओरडले तर त्याचा उपयोग होईल की अपाय, हे यावरून ताडता येईल.

आता ज्यांची नावे घराघरांत आहेत त्यांच्याकडे वळू. प्रदीप नरवाल म्हणजे चढाईच्या गुणांचा विक्रमवीर, १,८०० हून अधिक गुण घेणारा. २०१७च्या पाचव्या हंगामात त्याने एकट्याने ३६९ चढाई-गुण मिळवले. हाच प्रदीप २०१५ साली दुसऱ्या हंगामात बंगळुरू बुल्सकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्या गुणांची बेरीज दोन आकड्यांतही गेली नव्हती. बुल्सने त्याला सोडले. पुढच्या हंगामात पाटणा पायरेट्सने त्याला घेतले, मुख्य चढाया त्याच्या हाती दिल्या, आणि पाटण्याने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवली.

पवन सेहरावतची वाट आणखी वळणाची आहे. तोही बुल्सकडूनच सुरू झाला, काही हंगाम आत-बाहेर होत राहिला. २०१७ मध्ये गुजरातच्या संघात गेला आणि तिथे बहुतेक काळ बाकावर बसला. फार थोडे गुण त्याच्या नावावर लागले. गुजरात त्या वर्षी अंतिम सामन्यात पोहोचला आणि पाटण्याकडून हरला. पुढच्या वर्षी बुल्सने पवनला परत बोलावले. सहाव्या हंगामात त्याने २७१ चढाई-गुण घेतले. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत अंतिम सामना झाला तो नेमका गुजरातविरुद्ध, आणि ज्या संघाने त्याला बाकावर ठेवले होते त्याच्याविरुद्ध पवनने एकट्याने २२ गुण घेऊन बुल्सला विजेतेपद मिळवून दिले. दोन वर्षांत पवनचे शरीर किंवा वेग असा काही आमूलाग्र बदलला नव्हता. बदलली होती ती त्याला मिळणाऱ्या चढायांची संख्या आणि चुकल्यावर पुन्हा पाठवले जाण्याची खात्री.

पुढे २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि आख्खा हंगाम गेला. तरी पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक मोजले. मोठ्या खेळाडूच्या आख्ख्या हंगामाचे नुकसान संघ सोसतात, कारण त्याने काय करून दाखवले आहे ते सगळ्यांना ठाऊक असते. नव्या पोराकडे दाखवायला तो पुरावा नसतो. तो पुरावा तयार व्हायला लागणारा काळच त्याच्याकडून हिरावून घ्यायचा, हा मला अन्याय वाटतो.

उतावीळपणाला खतपाणी घालतात ते अपवाद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून पहिल्यांदा लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच हंगामात त्याने चढायांचे दोनशेहून अधिक गुण घेतले. पुढच्या लिलावात त्याला १ कोटी ४५ लाख मिळाले. त्याच हंगामात दिल्लीकडून नवीन कुमारही पहिल्यांदा खेळला आणि तोही चमकला. तेव्हापासून प्रत्येक नव्या मराठी चढाईपटूकडे लोक 'हा पुढचा सिद्धार्थ' म्हणून बघतात. पण सिद्धार्थची ताकद आणि उंची पहिल्या दिवसापासून व्यावसायिक बचावपटूंना जड जाणारी होती, आणि संघाने त्याला पहिल्या सामन्यापासून मुख्य चढाईपटू म्हणूनच वापरले. जो तिसऱ्या क्रमांकावर येऊन चार चढाया घेतो त्याला ही फुटपट्टी लावणे चूक आहे.

आपल्यापासून फार दूरच्या एका खेळातही हेच दिसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये रिसीव्हर नावाचा गडी असतो. ठरवलेल्या वाटेने धावत जाऊन लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचे काम. संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चारच प्रयत्न मिळतात, त्यामुळे सुटलेला प्रत्येक झेल चारातला एक प्रयत्न घालवतो, आणि तो सुटताना आख्खे मैदान बघत असते. चढाईपटूसारखेच त्याचे अपयश उघड्यावर घडते. मिसिसिपी राज्यातल्या एका गवंड्याचा मुलगा, जेरी राइस, वडिलांच्या हाताखाली भावांनी फेकलेल्या विटा झेलून मोठा झालेला, १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला. लहान कॉलेजातून आलेल्या या पोराला खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले होते. पहिल्या हंगामात त्याच्या हातून इतके झेल सुटले की घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याच्याकडे चेंडू पाठवणे थांबवले नाही. डिसेंबरात लॉस एंजेलिसविरुद्धच्या एका सामन्यात त्याने १० झेलांत २४१ यार्ड काढले. पुढच्या हंगामात १,५७० यार्ड. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २२,८९५ यार्ड होते आणि तो विक्रम अजून त्याचाच आहे. विटा झेलणाऱ्या हातांना झेलणे येत नव्हते असे कोण म्हणेल? वाटा कुठून कापायच्या, कधी वळायचे, हे डोक्यात चालू असताना हात विसरत होते. वाटा पाठ झाल्यावर हात परत आले.

महाराष्ट्रात धीर धरण्याचे उत्तम उदाहरण पुणेरी पलटणचे आहे. तरुण पोरे घ्यायची, त्यांना एकत्र ठेवायचे, असा मार्ग या संघाने धरला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या गरीब घरातून आलेला अस्लम इनामदार आठव्या हंगामात त्यांच्याकडून पहिल्यांदा खेळला आणि पुढे कर्णधार झाला. पंकज मोहिते २०१९ पासून संघात होता. मधल्या काळात अस्लम आणि मोहित गोयत पुढे आले आणि पंकजच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली. दुसऱ्या एखाद्या संघाने त्याला सोडून दिले असते. नवव्या हंगामात पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हरली, तरी तीच पोरे पुढच्या वर्षी ठेवली गेली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध अंतिम सामना अडला होता. पहिल्या डावाच्या अखेरीस पंकज आत गेला आणि एकाच चढाईत चार गुण घेऊन आला. पलटण २८-२५ अशी जिंकली. तीन गुणांनी जिंकलेल्या सामन्यात चार गुणांची ती चढाई, पाच वर्षे संघात राखलेल्या गड्याची! त्याच तालमीतले अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे काही महिने आधी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतल्या भारताच्या सुवर्णविजेत्या संघात होते.

म्हणून कोणालाही कितीही वर्षे खेळवत ठेवा, असे मी म्हणत नाही. संघात जागा मर्यादित असतात आणि बाकावर बसलेल्या दुसऱ्या पोराचाही हक्क असतो. प्रश्न आहे तो काय बघून ठरवायचे याचा. नुसते गुण मोजले तर चार चढायांचे गुण खोटे बोलतात. त्याऐवजी मी बघेन की तो कसा पकडला जातो. प्रत्येक सामन्यात त्याच कोपऱ्याकडून, त्याच पकडीत, त्याच पायाने सापडत असेल तर शिकणे थांबले आहे आणि त्याला काही काळ सरावात परत न्यायला हवे. दर वेळी नव्या पद्धतीने सापडत असेल तर तो काहीतरी नवे करून बघतो आहे. रिकाम्या चढाईतही फरक असतो. निदान रेषा जेमतेम ओलांडून, बचाव जागचा न हलवता परतणारा वेगळा, आणि आत घुसून कोपऱ्याला मागे ढकलणारा, साखळी तोडायला लावणारा वेगळा. दुसऱ्याने गुण आणला नाही तरी पुढच्या चढाईपटूसाठी भोक पाडून ठेवलेले असते. तीस सेकंदांपैकी तो किती वापरतो, बाद होऊन परतल्यावर पहिल्या चढाईत दबकतो की नाही, हे बघायचे. आणि सगळ्यात वाईट प्रकार टाळायचा, तो म्हणजे एक पकड झाली की बदली खेळाडू, दोन सामन्यांनी परत आत, परत बाहेर. त्यात पोरगा खेळायला शिकत नाही, फक्त न चुकायला शिकतो, आणि न चुकणारा चढाईपटू हा रिकाम्या चढायांचाच धनी.

धीर धरायचा म्हणजे त्याच्या चढाया आधी ठरवून द्यायच्या. पहिल्या महिन्यात तिसऱ्या चढाईला पाठवायचे नाही. समोर पाच किंवा कमी गडी असताना, जिथे मोकळी जागा आहे, तिथे पाठवायचे. मात्र तीनच उरले असतील तर पुन्हा सावध, कारण तेव्हा झालेली पकड अव्वल ठरते आणि समोरच्याला दोन गुण मिळतात. सामन्याला किमान सहा चढाया मिळतील असे त्याला आधी सांगायचे आणि पहिल्या तीन फसल्या तरी शब्द पाळायचा.

आता पुन्हा आपल्या भागाकडे. महाड-पोलादपुरातल्या पोराची अडचण लीगच्या फार आधी सुरू होते. जूनपासून दसऱ्यापर्यंत पाऊस मैदान गिळून टाकतो आणि छपराखालचे मॅट हाताच्या अंतरावर नसते. बाहेर मात्र काही वेळा याच दिवसांत खेळ चालू असतो. प्रो कबड्डीचा पहिला हंगाम २०१४च्या जुलै-ऑगस्टमध्ये झाला, बारावा २०२५च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात. आपला गडी ऐन भरात असतो मार्च ते मे. निवड चाचणीला तो जातो तेव्हा तीन-चार महिने नीट खेळलेला नसतो. पुण्यात बालेवाडीला जायचे तर वरंध घाट पावसाळ्यात बरेचदा बंद, मग ताम्हिणीने वळसा. मुंबईला जायचे तर महामार्गाने एसटी, नाहीतर वीर स्थानकावरून गाडी. एका दिवसाच्या चाचणीसाठी दोन दिवसांचा रोज बुडतो. घरी त्याला विचारले जाते की यातून नोकरी कधी लागणार. हा प्रश्न रास्त आहे. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी ठराविक पातळीची कामगिरी आणि प्रमाणपत्र लागते, आणि तिथवर पोहोचण्याआधीच बहुतेक पोरे एमआयडीसीत पाळीला लागतात किंवा मुंबईच्या गाडीत बसतात. अपयश पचवायला लागणारी वर्षे संघाआधी आई-बाप विकत घेत असतात, आणि ती त्यांना परवडत नाहीत.

गिरण्या चालू होत्या तेव्हा याचा एक तोडगा होता. कोकणातून गेलेला गडी मुंबईत गिरणीत, बंदरात, पुढे बँकेत किंवा तेल कंपनीत लागायचा आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानात उतरायचा. पगार चालू असल्याने एखादा हंगाम वाईट गेला तरी चूल विझत नसे. लीगमध्ये पैसा पुष्कळ आहे, पण तो करार असेपर्यंतचा. म्हणून आता हा भार गावच्या क्रीडा मंडळांनी आणि मुंबई मंडळांनी काही अंशी उचलायला हवा. ढालीवर, फ्लेक्सवर, पाहुण्यांच्या सत्कारावर जो खर्च होतो त्यातून पावसाळ्याचे चार महिने एखाद्या सभागृहात मॅट भाड्याने घेता येते, दोन पोरांचा चाचणीचा प्रवास आणि बुडालेला रोज भरता येतो. स्पर्धेतही एक बदल करता येईल, ज्याला पैसा लागत नाही. प्रत्येक संघाने एकोणीस वर्षांखालील एक गडी पूर्ण सामनाभर खेळवायचा आणि दोन्ही डावांच्या पहिल्या तीन चढाया त्याच्याच, असा नियम आयोजकांनी छापील पत्रकात घालावा. येत्या छबिन्यापासून सुरू करायला हरकत नाही.